पाच पाडली का तीन, हे विचारणं म्हणजे अपमान नाही

मागच्या १६ डिसेंबरला आमच्या गावच्या वाचनालयानं विजय दिवस म्हणून शाळेच्या भिंतीवर चादर टांगून हवाई युद्धावरची एक डॉक्युमेंटरी दाखवली. थंडी चांगलीच होती, तरी सतरंज्या भरल्या होत्या, म्हातारी माणसं मागं खुर्च्यांवर, पोरंसोरं अगदी चादरीपाशी. १९७१ मधल्या, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याच्या लढाईचा भाग आला, निवेदक मोठ्या आवाजात म्हणाला की आपल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानांनी पाकिस्तानची तीन सेबर लढाऊ विमानं पाडली, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबता थांबता बारावीतला एक पोरगा म्हणाला, "दोनच पडली होती नं, तिसरं ढाक्याले वापस गेलं." बस, तिथूनच पेटलं. एकजण उठून म्हणाला, "तुले पाकिस्तानचा एवढा पुळका काहून येते?" दुसरा म्हणाला, "अरे सारंच खोटं असते, तेही फेकतेत अन् आपलेही फेकतेत." पोरगा मान खाली घालून बसला. पुढचे पंधरा दिवस पारावर, टपरीवर, जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांच्या लाइनीत हाच विषय, आणि दोन्ही बाजू इतक्या वाईट पद्धतीनं भांडत होत्या की मला हे लिहायला बसावं लागलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोरगा बरोबर होता, आणि तो बरोबर असण्यानं आपल्या पायलटांचं तसूभरही कमी होत नाही. उलट जो माणूस जीव हातावर घेऊन आभाळात गेला त्याच्याबद्दल बोलताना आकडा, तारीख, विमान, जागा नीट सांगणं हे आपण त्याचं देणं लागतो. डॉक्युमेंटरी बनवणाऱ्यानं तर लागतोच लागतो, कारण गावातली शंभर माणसं त्या एका तासात जे बघतात तेच त्यांच्यासाठी कायमचा इतिहास होऊन बसतो, पुन्हा कोण पुस्तक उघडतं?

बोयऱ्याचंच बघा. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून रीतसर जाहीरही झालं नव्हतं. मॅसी, गणपती, लाझरस आणि सोरेस हे चौघं चार नॅट घेऊन उडाले, खाली आपल्या सैन्यावर हल्ला करणाऱ्या पाकिस्तानी सेबरांवर तुटून पडले आणि काही मिनिटांत खेळ खल्लास. त्यांनी दावा तीनचा केला. दोन पाकिस्तानी पायलट पॅराशूटनं खाली आले आणि आपल्या हाती लागले, त्यातला एक परवेझ मेहदी कुरेशी, जो पुढं १९९७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. तिसरं सेबर मार खाऊन, कसंबसं, ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर उतरलं. आपलं एकही विमान गेलं नाही. आता मला सांगा, तीनच्या जागी दोन म्हटलं तर या गोष्टीतलं नेमकं काय हरवतं? उलट कैदेत आलेला पायलट पुढं त्यांचा प्रमुख होतो ही खरी गोष्टच एवढी जबर आहे की तिला वरून तिखटमीठ लागतच नाही. आणि आमच्या त्या डॉक्युमेंटरीत ही गोष्ट नव्हतीच, आकडा तेवढा होता.

मग तीनचा दावा करणारे खोटं बोलले का? अजिबात नाही, आणि इथंच "सारंच खोटं असते" म्हणणारे चुकतात. हे समजायला लढाऊ विमानात बसायची गरज नाही, आमच्या इकडच्या कुठल्याही कास्तकाराला विचारा. मागच्या वर्षी हरभऱ्याच्या जागलीला मी आणि शेजारच्या वावरातले दोघं असे तिघं होतो. रात्री दोनच्या सुमारास डुकरांचा कळप घुसला, आम्ही मचाणावरून उतरलो, टॉर्च मारला, फटाके फोडले, बोंबा मारल्या, इकडून तिकडे पळापळ. शेकोटीपाशी परत येऊन मोजणी सुरू झाली तर एक म्हणे पंधरा होती, दुसरा म्हणे दहा, मी स्वतः शपथेवर आठ सांगितली असती, आणि तिघांनाही वाटत होतं की मोठा नर आपणच पळवला. वावर नुकतंच ओलीत केलेलं होतं, म्हणून सकाळी ठसे अगदी साफ उमटलेले दिसले. पाच डुकरं. तीच पाच डुकरं धुऱ्याच्या एका अंगानं आली, फिरून दुसऱ्या अंगानं गेली, आणि अंधारात आम्ही ती दोनदा मोजली. आम्ही तिघांपैकी कोणी खोटं बोललं का? नाही. पण पाच ते पाचच.

आभाळात याच्या शंभरपट गोंधळ असतो. ताशी सहा-सातशे किलोमीटरचा वेग, बंदुकीचा निशाणा सेकंद-दोन सेकंद, एकाच विमानावर दोन-तीन जण मारताहेत, मागं वळून बघावं तर आपल्याच शेपटीवर कोणी बसलेलं, त्यामुळे पडलेलं विमान जमिनीवर आदळेपर्यंत बघत बसायला कोणाला सवड असते? दुसऱ्या महायुद्धातली जर्मन मेसरश्मिट विमानं पूर्ण जोर देऊन खाली सूर मारायची तेव्हा मागून काळा धूर निघायचा, आणि वरच्या इंग्रज पायलटाला प्रामाणिकपणे वाटायचं की पडलं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटननं जाहीर केलं की आज जर्मनीची १८५ विमानं पाडली. युद्ध संपल्यावर जर्मनीचे कागद हाती आले तेव्हा कळलं की साधारण साठच्या आसपास होती. म्हणजे तिपटीनं जास्त. आणि तरीही ब्रिटनमध्ये आजही १५ सप्टेंबर हाच दिवस 'बॅटल ऑफ ब्रिटन'चा, म्हणजे ब्रिटनवरच्या त्या हवाई लढाईचा म्हणून दरवर्षी पाळतात, खरा आकडा सगळ्यांना माहीत असून पाळतात! आकडा उतरला म्हणून दिवस उतरला नाही, कारण लंडनवर चालून आलेल्यांना त्या दिवशी परत हाकललं होतं ही गोष्ट १८५ वर उभी नव्हतीच.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे युद्ध चालू असताना हिंमत टिकवावी लागते. १८५ चा आकडा ऐकून रात्रभर बॉम्ब झेलणाऱ्या लंडनच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं बळ आलं असेल, हे मी मान्य करतो, पूर्ण मान्य करतो. पण याच लढाईची दुसरी बाजू बघा. जर्मन पायलटही फुगलेले आकडे सांगत होते आणि त्यांच्या गुप्तहेर खात्यानं ते आकडे खरे धरून हिशोब मांडला की इंग्रजांकडं आता हातावर मोजण्याइतकी लढाऊ विमानं उरली आहेत. आपल्या पायलटांना त्यांनी तेच सांगून पाठवलं, आणि १५ सप्टेंबरला त्याच पायलटांसमोर आभाळ भरून इंग्रजांची स्पिटफायर आणि हरिकेन विमानं उभी राहिली. स्वतःच्याच खोट्या मोजमापावर विश्वास ठेवून माणसं मरायला पाठवली गेली. लोकांना धीर द्यायला काढलेला आकडा एकदा आपल्याच वहीत चढला की तो कोणाचा घात करेल हे सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे १९७१ चं युद्ध आता चालू नाही. पन्नास वर्षं उलटून गेली. आता कोणाची हिंमत टिकवायची आहे?

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. आमच्या पारावर एका मास्तरांनी तो मांडला आणि मी दोन दिवस त्यावर विचार करत होतो. ते म्हणाले, तुम्ही आपला दावा त्यांच्या कागदावरून कापता, पण ते तरी खरं लिहितात कशावरून? पडलेलं विमान लपवणं काय अवघड आहे? बरोबर आहे. सगळेच देश आपलं नुकसान लपवतात, जाहीर आकड्यात तर हमखास. म्हणून शत्रूचं प्रसिद्धीपत्रक हा पुरावा मी मानतच नाही. पण दावा आणि नुकसान या दोन गोष्टींची जात वेगळी आहे. दावा दोन सेकंदात आभाळात तयार होतो. नुकसान जमिनीवर हळूहळू मोजलं जातं. संध्याकाळी एक विमान कमी भरतं, त्याचा नंबर असतो, ते चालवणाऱ्याचं नाव असतं, त्याच्या घरी तार जाते, बायकोला पेन्शन लागते, स्क्वॉड्रनला नवं विमान मागावं लागतं, आणि तो मेला असेल तर कुठंतरी कबर असते, धरला गेला असेल तर कैद्यांच्या यादीत नाव असतं. हे सगळं एकाच वेळी, पन्नास वर्षं, सगळ्यांपासून लपवणं फार कठीण. म्हणून जाणकार माणसं दोन्हीकडची नावं आणि नंबर समोरासमोर ठेवून जुळवतात.

आणि हा काटा फक्त आपल्यालाच लागतो असं समजू नका. पाकिस्तानात एम. एम. आलम या पायलटाचं नाव घराघरात आहे. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळाजवळ, एका मिनिटाच्या आत भारताची पाच हंटर विमानं पाडली असा त्यांचा दावा, तिकडं पोरं हेच शिकत मोठी झाली. पण आपल्या नोंदी सांगतात की पंजाबातल्या हलवाडा तळाहून गेलेल्या त्या तुकडीत हंटरच पाच होती आणि त्यातली तीन परत आली. भागवत आणि ब्रार हे दोघं आले नाहीत. त्याच सकाळी दुसऱ्या तुकडीतले कक्कर तिकडं कैद झाले. ते धरूनही तीनच होतात. आता आपण जर म्हणत असू की नावं मोजा, परत आलेली माणसं मोजा, पाच कशी होतील, तर तोच हिशोब बोयऱ्याला लावताना आपल्याला राग का यावा? मापाचा काटा घेताना एक आणि देताना दुसरा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण बाजारात काय म्हणतो?

यापुढं जे सांगतो ते त्या रात्री सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला सांगावं असं मला फार वाटलं होतं, पण आरडाओरड्यात राहून गेलं. त्याच ७ सप्टेंबर १९६५ ला, त्याच सरगोध्यावर आपली मिस्टेअर विमानंही गेली होती. तुकडीत कोणाचं विमान बिघडलं तर जागा घ्यायची म्हणून कोडगूचे स्क्वॉड्रन लीडर ए. बी. देवय्या राखीव होते, आणि शेवटी ते गेलेच. परतताना पाकिस्तानच्या स्टारफायटरनं त्यांना गाठलं. स्टारफायटर म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं त्या काळातल्या सगळ्यात तेज विमानांपैकी एक, आणि मिस्टेअर त्याच्यापुढं बैलगाडीच. मार खाल्लेलं विमान घेऊन देवय्या पळाले नाहीत, वळले आणि भिडले. बाकीची तुकडी पुढं निघून गेली होती, बघणारं आपलं कोणीच नव्हतं. ते परत आले नाहीत. आपल्या कागदात नोंद झाली, बेपत्ता. बास, एवढंच. कोणी दावा केला नाही, कारण दावा करणारा माणूसच उरला नव्हता. मग १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाचं पुस्तक आलं, पाकिस्तानच्या हवाई दलाच्या मदतीनं लिहिलेलं, आणि त्यात ही हकीकत निघाली की त्या दिवशी पाकिस्तानचं एक स्टारफायटर एका मिस्टेअरशी लढताना पडलं आणि पायलट अमजद हुसेन पॅराशूटनं उतरला. इकडं ताळा जुळवला गेला तेव्हा ते मिस्टेअर देवय्यांचंच निघालं. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

थांबून विचार करा जरा. आपला एवढा मोठा वीर आपल्याला शत्रूच्या बाजूच्या नोंदीनं परत दिला. "त्यांचं कशाला बघायचं, ते खोटारडे" असं म्हणून सगळ्यांनीच दार लावून घेतलं असतं तर देवय्या आजही एका यादीत बेपत्ता म्हणून पडून राहिले असते. त्या बारावीच्या पोराला पुळका म्हणणाऱ्यांनी हे एकदा स्वतःशी बोलून बघावं. जी खिडकी उघडी ठेवल्यानं एका ठिकाणी आपल्या दाव्यातलं एक विमान वजा होतं, त्याच खिडकीतून दुसऱ्या ठिकाणी एक आख्खा माणूस आत येतो.

निर्मलजितसिंग सेखों यांचंही तसंच. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, सहा सेबर वर घिरट्या घालताहेत, धावपट्टीवर बॉम्ब पडताहेत आणि त्यातून हा तरुण माणूस आपलं नॅट उडवतो. आपल्या हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र ते हेच. त्यांनी किती सेबरांना गोळ्या लावल्या, त्यातलं पडलं की नाही, यावर दोन्हीकडचं लिखाण जुळत नाही, आपण म्हणतो दोनांना मारलं, ते म्हणतात आमचं एकही पडलं नाही. मला विचाराल तर डॉक्युमेंटरीत हे जसंच्या तसं सांगावं. ज्या पाकिस्तानी पायलटांशी ते लढले त्यांच्यातल्याच एकानं पुढं त्यांच्या लढण्याची तारीफ लिहून ठेवली आहे. सहाच्या विरुद्ध एक भिडला, यात आकड्याची भर घालायची गरज ज्याला वाटते त्याला ती धावपट्टी डोळ्यांसमोर दिसतच नाही असं मी म्हणेन.

एक गोष्ट डॉक्युमेंटरीवाले हमखास गाळतात, मोजायची पद्धत. पाच किंवा जास्त विमानं पाडली की 'एस' म्हणायची पद्धत पहिल्या महायुद्धातली. पण पाडली म्हणजे काय? ब्रिटिश लोक 'ताबा सुटून खाली गेलं' हेही जमेला धरायचे, आणि दोघांनी मिळून पाडलं तर बऱ्याचदा दोघांच्याही खात्यावर एकेक. जर्मन मात्र साधारणपणे एक विमान एकाच्याच नावावर लावायचे. म्हणजे मँफ्रेड फॉन रिश्टहोफेनची ८० आणि दुसऱ्या कोणाची ७०, अशी पडद्यावर पट्टी दाखवून तुलना करणं म्हणजे एकरी उतारा आणि हेक्टरी उतारा शेजारी ठेवून कोणाचा कापूस जास्त झाला हे ठरवणं आहे. आपला इंद्रलाल रॉय, कलकत्त्याचा पोरगा, जुलै १९१८ च्या साधारण दोन आठवड्यांत त्यानं १० विजय मिळवले आणि २२ जुलैला फ्रान्सवर पडला, वय १९. त्या दहात काही 'ताबा सुटून गेलं' या खात्यातली आहेत, काही जोडीदारासोबतची. हे सांगितल्यानं तो लहान होत नाही. सांगितलं तर उलट कळतं की हा एकटा हिंडणारा जादूगार नव्हता, स्क्वॉड्रनसोबत लढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता, आमच्या त्या बारावीतल्या पोरापेक्षा एक-दोन वर्षांनीच मोठा.

"पण लोकांना गोष्ट लागते, आकडेमोड नाही," हा तिसरा आक्षेप, तोही मला पटतो, मीसुद्धा पोवाडा ऐकताना अंगावर काटा येणारा माणूस आहे. तानाजीची घोरपड पोवाड्यात आहे, असू द्या, पोवाड्याचं कामच ते आहे. पण सिंहगड हे नाव तानाजी पडायच्या आधीच्या पत्रातही सापडतं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं तेव्हा तानाजीची छाती एक इंच तरी कमी झाली का? राजवाड्यांनी १८९८ पासून जुनी पत्रं छापायला घेतली आणि बखरीतल्या तारखा, आकडे यांना धक्के दिले, महाराष्ट्र काही कोसळला नाही, उलट आपला इतिहास तिथून पायावर उभा राहिला. आणि आपण तर ते लोक आहोत ज्यांनी आपला सगळ्यात मोठा पराभव बोलीत घालून ठेवला, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पानिपत लपवलं नाही आपण, अडीचशे वर्षं रोज तोंडात ठेवलं. मग एका सेबरनं एवढं काय होते? पोवाड्यानं पोवाडा म्हणून यावं, डॉक्युमेंटरीनं डॉक्युमेंटरी म्हणून. दोघांनी एकमेकांचे कपडे घातले की घोळ होतो.

आणि हा घोळ उलट्या बाजूनंही होतो, म्हणून "सारं खोटं" वाल्यांनाही दोन शब्द. कॅनडात बिली बिशप नावाचा पहिल्या महायुद्धातला मोठा एस, खात्यावर ७२. २ जून १९१७ ला पहाटे एकट्यानं जर्मन विमानतळावर केलेल्या हल्ल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार मिळाला, पण त्याच्या बाजूचा एकही साक्षीदार नव्हता. १९८२ साली तिथं एक चित्रपट आला ज्यानं या हल्ल्यावरच शंका घेतली. शंका घेणं गैर नव्हतं. पण त्यांनी बिशपच्या मेकॅनिकच्या भूमिकेत नट उभा केला आणि खऱ्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घातली. माजी सैनिक खवळले, प्रकरण थेट तिथल्या सिनेटपर्यंत गेलं, आणि शेवटी त्यावर हे सत्य आणि कल्पना यांचं मिश्रण आहे अशी पाटी लावावी लागली. खोटं उघडं पाडायला निघालेल्यानंच खोटी साक्ष उभी केली! त्यानं झालं काय, तर त्या पहाटे खरंच काय घडलं हा प्रश्न बाजूला पडला आणि भांडण चित्रपटाचंच होऊन बसलं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. दावा असेल तर दावा म्हणा, दुसऱ्या बाजूनं मान्य केलं असेल तर तसं सांगा, जुळत नसेल तर जुळत नाही म्हणा. एक वाक्य लागतं, दहा सेकंद. नाट्यरूपांतर असेल तर पडद्यावर लिहा. आणि नॅटची गोष्ट सांगताना नॅटच दाखवा. आमच्या इथं चौथीतल्या पोरालाही आवाजावरून ट्रॅक्टर ओळखता येतो, एका कंपनीचा दाखवून दुसऱ्याचं नाव घेतलं तर पोरं तिथंच ओरडतील, मग ज्या विमानात माणूस मेला ते तरी बरोबर दाखवा की. माहिती मिळत नाही ही तक्रार खरी होती, पण जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण केलं आहे की युद्धाचे कागद साधारण २५ वर्षांत खुले करायचे आणि युद्धाचा इतिहास ५ वर्षांच्या आत लिहून काढायचा. त्याचा पाठपुरावा करा, मागा ते कागद. टाळ्यांसाठी तीनचं चार करण्यापेक्षा हे कष्टाचं काम आहे, पण कोणीतरी करायला पाहिजे.

आमच्या गावात सैन्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले एक काकाजी आहेत. त्या रात्री ते मागच्या खुर्चीवर होते, एक शब्द बोलले नाहीत. संक्रांतीच्या आसपास त्यांनी त्या पोराला घरी बोलावलं, मीही होतो. म्हणाले, "बापू, आमच्याकडं संध्याकाळी एक पेटी कमी भरली तर रात्रभर मोजणी चालायची, कोणी म्हणत नव्हतं का तू मोजतेस म्हणजे तू चोराचा. तिसरं विमान कुठं उतरलं म्हणतोस?" पोरगा म्हणाला, "तेजगावले." काकाजी म्हणाले, "मंग तसं लिहून आण. पुढच्या डिसेंबरले सिनेमाच्या आधी तू वाचजो, मी बाजूले बसतो."

पोरानं दोनशे पानी वही केली आहे. चार रकाने, तारीख, नाव, आपल्या नोंदीत काय, त्यांच्या नोंदीत काय. परवा वाचनालयात दाखवली मला. बोयऱ्याच्या ओळीत तीन आणि दोन समोरासमोर आहेत. सेखोंच्या ओळीत दोन्हीकडचं वेगवेगळं लिहून खाली निळ्या पेननं रेघ मारली आहे. देवय्यांच्या ओळीत आपल्या रकान्यात आधी 'बेपत्ता' लिहिलं होतं, ते त्यानं खोडलं नाही, त्याच्यापुढं बाण काढून महावीर चक्र लिहिलं आणि साल टाकलं, १९८८.